ताटातला घास कुठून आला? एकेक पायरी मागे जाऊन शोधायची रीत

पौडच्या पुढे मुळशी खोऱ्यात एका घरी जेवायला बसलो होतो. भात अजून चुलीवरच होता, झाकण किलकिलं होतं आणि ओसरीपर्यंत आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. मी विचारलं, "आजी, हा कुठला तांदूळ?" आजी म्हणाल्या, "आंबेमोहर की. पुण्यात नाय का मिळत?"

मिळत होता. नऊ वर्षं मी महिन्याला पाच किलो याच नावाचा तांदूळ आणत होतो. त्या नऊ वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात असा वास एकदाही सुटला नव्हता. परतल्यावर नेहमीच्या दुकानात गेलो आणि पहिल्यांदाच पोतं फिरवून पाहिलं. त्यावर आंध्र प्रदेशातल्या एका राईस मिलचा पत्ता होता. "आंबेमोहरसारखाच असतो, काका. सगळे हाच नेतात," दुकानातला मुलगा म्हणाला. त्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पण मुळशीत कमी उताऱ्याचा, सडताना तुटणारा, नाजूक तांदूळ जो माणूस अजून लावतो त्याच्या पिकाच्या नावावर दुसराच माल खपत होता, आणि त्यात माझे पैसे होते.

तेव्हापासून आमच्या घरात एक वही आहे. तिला आता चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत चुकतमाकत जी रीत बसली ती इथे सविस्तर लिहितो आहे. रीतीचा गाभा एवढाच, की थेट शेतापर्यंत उडी मारायची नाही. दर वेळी एक पायरी मागे जायचं. किराणा दुकानदाराला शेत माहीत नसतं, पण पोतं कुणाकडून उचललं ते पक्कं माहीत असतं. घाऊक व्यापाऱ्याला मिल माहीत असते, मिलवाल्याला बाजारपेठ, आणि शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणाऱ्या आडत्याला शेतकरी. ज्याला जे माहीत आहे तेच त्याला विचारलं तर तो आनंदाने सांगतो.

पहिली पायरी: एक ताट, एक वही

अख्खं स्वयंपाकघर शोधायला घेतलंत तर आठवड्यात कंटाळून सोडून द्याल. रोजचं एक ताट निवडा: पोळी, वरण-भात, एक भाजी, कोशिंबीर, ताक. आता त्या ताटाचे सुटे भाग करा. एकट्या वरणातच तूरडाळ, हळद, हिंग, जिरं, मोहरी, तेल, मीठ, गूळ, कोथिंबीर निघते. एका ताटाची यादी सहज पंचवीस नावांवर जाते.

वहीत पाच रकाने आखा: वस्तू, आपण कुणाकडून घेतली, त्याने कुणाकडून आणली, कुठे पिकली, आणि शेवटचा रकाना खात्रीचा. या शेवटच्या रकान्यात तीनच शब्द लिहायचे: 'पाहिलं', 'सांगितलं' किंवा 'अंदाज'. हा रकाना गाळू नका. दुकानदार "महाबळेश्वरची आहे" म्हणाला की ते 'सांगितलं' असतं. खोक्यावरचा पत्ता स्वतः वाचला की 'पाहिलं'. पहिल्या महिन्यात आमची जवळजवळ अर्धी वही 'अंदाज'ने भरली होती. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुठे विचारायला जायचं ते त्यावरूनच ठरतं.

दुसरी पायरी: पाकीट उलटं करा

पाकिटाची दर्शनी बाजू जाहिरातीची असते. त्यावर बैलजोडी, विहीर, नऊवारीतली आजी यांपैकी काहीही असू शकतं. कामाची माहिती मागे, बारीक अक्षरात असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

आधी पत्ते पाहा. बहुतेक पाकिटांवर एकाहून जास्त पत्ते असतात: उत्पादकाचा, पॅकिंग करणाऱ्याचा आणि 'मार्केटेड बाय' असा विकणाऱ्या कंपनीचा. मुंबईतल्या ऑफिसचा पत्ता मोठ्या अक्षरात आणि माल तिसऱ्याच राज्यात तयार झालेला, हे नेहमीचं. एकाच कंपनीचे अनेक कारखाने असतील तर पाकिटावर त्यांची यादी असते आणि "बॅच क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं पाहा" अशी सूचना असते. तारखेशेजारी छापलेला बॅच क्रमांक त्या यादीशी जुळवला की तुमच्या हातातलं पाकीट नेमकं कुठून निघालं ते कळतं.

मग एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी क्रमांक शोधा. पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा क्रमांक १५, म्हणून आपल्याकडच्या उत्पादकाचा क्रमांक साधारणपणे ११५ किंवा २१५ने सुरू होतो. १००ने सुरू झाला तर परवाना केंद्राचा आहे, तिथे राज्य पत्त्यावरूनच शोधायचं. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. हा क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकला की परवाना कुणाच्या नावाचा आहे आणि चालू आहे का ते दिसतं. पाकिटावर दोन-तीन क्रमांक असतील तर उत्पादकाच्या पत्त्याजवळचा घ्या, ब्रँडच्या नावाजवळचा नको. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या लोणची-पापडांवर हा क्रमांक आहे का, हे मी आवर्जून बघतो. ज्या ताई खरोखर घरी करतात त्याही नोंदणी काढतात आणि अभिमानाने छापतात.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. फरसाणाच्या, बिस्किटांच्या पाकिटावर 'पामोलिन' किंवा 'पाम तेल' दिसलं की वहीत इंडोनेशिया किंवा मलेशिया लिहायला हरकत नाही, कारण आपल्याकडचं पाम तेल बहुतांश तिथूनच येतं. खात्रीच्या रकान्यात मात्र 'अंदाज'च.

पाकिटाची मर्यादाही ओळखा. बाहेरून तयार होऊन आलेल्या मालावर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचा पत्ता छापावा लागतो. पण अख्खी तूर आफ्रिकेतून आली आणि लातुरात भरडली गेली, तर डाळीच्या पिशवीवर लातूरच्या मिलचा पत्ता येतो. पाकीट तुम्हाला गिरणीपर्यंत नेतं, वावरापर्यंत नाही.

सेंद्रिय मालावर 'जैविक भारत'चं चिन्ह आणि प्रमाणपत्राचा तपशील असतो. नुसता 'नॅचरल', 'गावरान', 'शेतातून थेट' असा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

तिसरी पायरी: दुकानदाराला नेमकं काय विचारायचं

"हे कुठलं आहे?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला उत्तर येतं, "एक नंबर माल आहे." त्याऐवजी हे तीन प्रश्न विचारा: "पोत्यावर काय छापलंय, बघू का?", "तुम्ही कुठल्या पेठेतून उचललंत?" आणि "याला व्यापारात काय म्हणतात?"

तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवलं. व्यापाऱ्यांच्या बोलीत मालाचा पत्ता दडलेला असतो. तुरीच्या बाजारात 'लेमन' म्हणजे म्यानमारची तूर, 'अरुषा' म्हणजे टांझानियाची, 'गजरी' म्हणजे मोझांबिकची. रगड्याचा पांढरा-पिवळा वाटाणा मागितला की जुना दुकानदार सहज म्हणून जातो, "कॅनडाच आहे." २०२३च्या डिसेंबरात सरकारने पिवळ्या वाटाण्यावरचं आयात शुल्क काढलं आणि कॅनडा, रशियाचा वाटाणा मोठ्या प्रमाणावर आला. तो स्वस्त असल्याने हरभऱ्याच्या बेसनात मिसळला जातो. म्हणून बेसन पाकिटाचं घेण्यापेक्षा हरभराडाळ आणून गिरणीत दळून घ्या, ही आमच्या वहीतून निघालेली पहिली घरगुती सुधारणा.

परदेशी डाळ वाईट, असं माझं म्हणणं नाही. देशात तूर कमी पिकते तेव्हा ती येते आणि वरण होतं. पण लातूर-अकोल्याच्या बाजारात आपल्या तुरीचा भाव पडलेला असताना मी कुठली डाळ घेतो आहे हे मला कळलं पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीला तर स्वतःचं भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या जागेच्या नावाची कायदेशीर ओळख, आहे. ती मागून पाहा, मिळाली तर चवीतला फरक घरात सगळ्यांना कळतो.

आणखी एक: विचारताना गर्दीची वेळ टाळा. मी दुपारी अडीच-तीनला जातो. "काका, जरा शिकायचंय," असं म्हटलं की दुकानदार गल्ला सोडून पोती दाखवायला येतात. चौकशी पोलिसी सुरात झाली की तोंडं मिटतात.

चौथी पायरी: धान्याचं नाव म्हणजे पत्ता

आपल्या धान्यांची नावं नीट ऐकली तर अर्धा शोध तिथेच लागतो. गहू घेताना आपण 'लोकवन' म्हणतो. ते लोक-१ हे वाण गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालं आणि संस्थेच्या नावावरूनच 'लोक' झालं. 'सिहोर' म्हणजे मध्य प्रदेशातला सिहोर जिल्हा, शरबती गव्हाचा मुलूख. पण वाणाचं नाव आणि पिकलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: लोकवन मध्य प्रदेशातही पिकतो आणि नाशिक-नगरकडेही. वर्षाचे गहू भरताना वाण विचारा, मग जिल्हा विचारा.

ज्वारीत 'मालदांडी' हे नाव सोलापूर जिल्ह्याशी जोडलेलं आहे. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं आणि मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत पावसाच्या ओलीवर ती ज्वारी आजही उभी राहते. मंगळवेढा ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे.

तांदळात गोंधळ सर्वांत जास्त. इंद्रायणी हा आंबेमोहराच्या संकरातून मावळातल्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला तांदूळ. उतारा बरा, भात मऊ, वासही थोडा. म्हणून तो सगळीकडे पसरला आणि शेतकऱ्याला परवडला. तो इंद्रायणी म्हणून विकला तर उत्तमच आहे. आंबेमोहर मात्र वेगळा. दाणा आखूड, टोकाशी किंचित गोलसर, मूठभर घेतला तर त्यात तुटका दाणा हमखास दिसतो. आंध्रातला जिरासंभव आणि छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडचा जवाफूल हे त्याच्यासारखे दिसतात आणि त्याच्या नावावर विकले जातात. ओळखायची माझी रीत साधी आहे: पाच किलो घ्यायच्या आधी पावशेर घ्या आणि पेज करा. कुकरमध्ये नको, उघड्या पातेल्यात. पाणी उकळून दाणा फुलायला लागला की मोहोराचा वास आपोआप सुटतो. वाकून हुंगावं लागलं तर तो आंबेमोहर नाही.

भौगोलिक मानांकनाची नावं पाठ करायची गरज नाही, पण आपल्या ताटाशी संबंधित दहा-बारा माहीत असू द्या: आजऱ्याचा घनसाळ, वायगावची आणि सांगलीची हळद, भिवापूरची मिरची, कोल्हापूरचा गूळ, लासलगावचा कांदा, अलिबागचा पांढरा कांदा, जळगावचं भरताचं वांगं आणि केळी, पुरंदरचं अंजीर, घोलवडचा चिकू, नागपूरचं संत्रं. कुणी या नावाने माल देत असेल तर "मानांकनाचे नोंदणीकृत उत्पादक आहात का?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

हापूसबद्दल वेगळं सांगतो, कारण फसगत तिथे सर्वांत महाग पडते. मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला आहे. कर्नाटकातला आंबा दिसायला सारखा असतो आणि देवगड म्हणून विकला जातो. पेटीत कानडी वर्तमानपत्र निघालं की जुनी माणसं लगेच ओळखायची. तो इशारा आहे, पुरावा नव्हे. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर आणलं आहे. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, दुसरा स्टिकरच्या खाली असतो. स्टिकरचा फोटो दिलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवायचा, आलेलं उत्तर स्टिकर सोलून खालच्या आकड्याशी जुळवायचं. दोन मिनिटांचं काम आहे. डझनाला एवढे पैसे मोजतो तर ते करावं.

पाचवी पायरी: मार्केटयार्डात एक पहाट

भाजीला पाकीट नसतं, म्हणून लोकांना वाटतं तिचा माग लागत नाही. उलट आहे. भाजीचा माग धान्यापेक्षा सोपा, फक्त पहाटे उठायची तयारी हवी.

आधी घरबसल्या होणारं काम. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत रविवारच्या गुलटेकडी मार्केटयार्डातल्या आवकेची बातमी सोमवारी येते. आपण तिच्यातले भाव बघतो आणि पान उलटतो. ती पुन्हा वाचा. परराज्यातून काय आलं ते एका परिच्छेदात असतं, स्थानिक आवक दुसऱ्यात: मध्य प्रदेशातून लसूण, आग्रा आणि इंदूरहून बटाटा, तमिळनाडूतून शेवगा, कर्नाटकातून कोबी, आणि इकडे सातारी आलं, पुरंदरचा वाटाणा. वर्षभर ही बातमी कापून वहीत चिकटवलीत तर तुमच्या भाजीचा नकाशा तयार होतो. मुंबईकरांना हेच वाशीच्या बाजाराबद्दल करता येईल. गोव्यातल्या वाचकांना तर ठाऊकच आहे की बेळगावच्या गाड्या आल्या नाहीत तर पणजीत भाजी महागते.

'कुठून'सोबत 'कधी' हेही लिहा. वाटाणा पावसाळ्यात पुरंदर-पारनेरचा, थंडीत जबलपूरकडचा, उन्हाळ्यात हिमाचलचा. जुलैत खातो तो कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा असतो, शेतकऱ्याच्या कांदाचाळीत तीन-चार महिने राहिलेला. बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि वर्षभर शीतगृहातून येतो. जूनमध्ये मिळणारं सफरचंद आपल्या देशातलं असेल तर बहुधा मागच्या मोसमातलं.

आता प्रत्यक्ष बाजार. रविवारी पहाटे पाचच्या आधी पोचा. हातगाड्यांच्या वाटेत उभं राहू नका, हमालांच्या डोक्यावर साठ-सत्तर किलो असतात. एखाद्या गाळ्यावर लिलाव किंवा सौदे थांबल्यावर, साधारण आठला, बोलायला वेळ मिळतो. तिथे पोत्यांवर आणि क्रेटवर रंगाने किंवा मार्करने लिहिलेली अक्षरं दिसतील: दोन-तीन अक्षरं, कधी एखादं फूल, कधी स्वस्तिक. हा शेतकऱ्याचा मार्का. एकाच टेम्पोत दहा जणांचा माल भरून येतो, तेव्हा कुणाचं किती भरलं हे या मार्क्यावरून ठरतं आणि त्याच नावावर पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, निघते. पट्टीवर नग, वजन, भाव आणि मग वजावट असते: हमाली, तोलाई, गाडीभाडं. उरतं ते शेतकऱ्याचं.

मी एकदा एका आडत्याच्या गाळ्यावर टोमॅटोचा क्रेट दाखवून विचारलं, "हा मार्का कुणाचा?" त्यांनी वहीचं पान न उलटता गावाचं नाव सांगितलं, "नारायणगावच्या अलीकडचे आहेत. बाप गेला, आता पोरगा लावतो," आणि मला त्या मुलाची पट्टी दाखवली. त्या दिवशी भाव पडलेले होते. वजावटीनंतरचा आकडा आणि आमच्या चौकातला किलोचा भाव मी शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत. ते पान उघडलं की मी भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून घासाघीस करत नाही.

म्हणजे माहिती असते, प्रत्येक क्रेटची असते. ती फक्त गाळ्यावरून पुढे सरकत नाही. याचं मोठं उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचं. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून युरोपात आपल्या द्राक्षांवर आक्षेप आले. त्यातून अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने, २००६ मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली. निर्यातीसाठी द्राक्षं पिकवणाऱ्या प्रत्येक बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, त्या प्लॉटमधून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणी, पॅकहाऊसची नोंद, आणि खोक्यावरच्या क्रमांकावरून थेट त्या प्लॉटपर्यंत माग. दिंडोरी किंवा निफाडचा घड रॉटरडॅमला पोचला तर त्याचं शिवार सांगता येतं. तोच घड पुण्याच्या हातगाडीवर आला तर सांगता येत नाही. हे मला मनापासून खुपतं. मागणी तिथल्या गिऱ्हाइकांनी केली, म्हणून तिथे मिळालं. आपल्याकडे आपण विचारायला लागलो तर आपल्यालाही मिळेल, कारण व्यवस्था आणि माणसं दोन्ही इथलीच आहेत.

सहावी पायरी: दूध, मासळी आणि उपासाचं ताट

दुधाच्या पिशवीवर प्रक्रिया प्रकल्पाचा पत्ता असतो. त्यामागची साखळी अशी: गोठा, गावातलं संकलन केंद्र, शीतकरण केंद्र, मग प्रकल्प. शेकडो गोठ्यांचं दूध एकत्र होतं, म्हणून एका गोठ्याचा शोध घेण्यात अर्थ नाही. तालुका कुठला, संघ सहकारी की खासगी, एवढं शोधा. आणि सुट्टीत गावी गेलात तर सकाळी सहाला डेअरीवर उभे राहा. प्रत्येकाच्या किटलीतला नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) पडद्यावर येतं, भाव त्यावर ठरतो आणि हिशोब बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी होतो. पिशवीवरचा 'टोन्ड' शब्द म्हणजे फॅट ३ टक्के आणि एसएनएफ ८.५ टक्के, 'फुल क्रीम' म्हणजे ६ आणि ९. डेअरीवरची ती रांग पाहिल्यावर हे आकडे कोरडे राहत नाहीत.

मासळीचं थोडक्यात: १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'आजचं ताजं' पापलेट समोर आलं तर ते बर्फातलं आहे की पूर्व किनाऱ्यावरून आलंय, हे कोळीण मावशींना सरळ विचारा. त्या खरं सांगतात, आणि पावसाळ्यात सुक्या बाजाराकडे किंवा भिगवणला उजनीच्या मासळीकडे वळायला सांगतात.

आता उपासाचं ताट. हा अभ्यास एकादशीच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा असा आहे, कारण आपल्याला जे सर्वांत 'आपलं' वाटतं तेच सर्वांत लांबून आलेलं निघतं. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या भागातून येतो. तो दाणा झाडाला लागत नाही, टॅपिओकाच्या कंदाचा चीक काढून, निवळवून, झोळीत हलवून त्याच्या गोळ्या करतात. शेंगदाणे बहुधा गुजरातचे. बटाटा आग्र्याचा. भगर नाशिकच्या गिरण्यांतली. जिरं बहुतेक उंझ्याच्या बाजारातून. आणि साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची या चारही पिकांचं मूळ अमेरिका खंडात आहे. पोर्तुगीजांनी समुद्रावाटे ती पिकं इकडे आणायच्या आधीच्या एकादशीला खिचडी नव्हती. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मग खरा उपास भगरीचाच."

रोजच्या फोडणीतला हिंगही असाच. त्याचा कच्चा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो, इथे त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधणीचा हिंग होतो. डबीवर घटक वाचा, पीठ किती आधी लिहिलंय ते दिसेल. देशात हिंगाची लागवड २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये सुरू झाली. आणि खाद्यतेल: देशाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागते, पाम इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफूल रशिया-युक्रेनहून. घाण्याचं शेंगदाणा किंवा करडईचं तेल घेत असाल तर घाणेवाल्याला दाणे कुठून आणले ते विचारा. समोर पोतं असतंच.

सातवी पायरी: वर्षाला एक शेत

सगळ्या पंचवीस वस्तूंचं शेत गाठता येणार नाही, तशी गरजही नाही. वर्षाला एक वस्तू ठरवा आणि तिच्या शेतापर्यंत जा. आम्ही पहिल्या वर्षी तांदूळ, दुसऱ्या वर्षी गूळ, तिसऱ्या वर्षी ज्वारी असं केलं.

गुळासाठी जानेवारीत कोल्हापूरकडे गेलो. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता, मळी वर यायला लागली तसा गुळव्याने भेंडीच्या खोडाचा चिकट रस ओतला आणि काळपट फेस झाऱ्याने काढून टाकला. शेजारी दोन ढेपा होत्या, एक पिवळीधमक, एक तपकिरी. "पिवळी बाजारासाठी, ती दुसरी आमच्या घरची," मालक म्हणाले. पिवळा रंग आणायला हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घालतात आणि गिऱ्हाईक तोच मागतं म्हणून घालतात. त्या दिवसापासून आम्ही 'घरची' ढेप मागतो.

"तुम्ही स्वतः कुठलं खाता?" हा प्रश्न म्हणूनच मी प्रत्येक शेतावर विचारतो. त्यासोबत आणखी चार: बियाणं घरचं की विकतचं, पाणी कुठलं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, आणि माल विकता कुठे. उत्तर आवडलं नाही तरी वाद घालू नका. कर्ज, पाऊस आणि भाव सांभाळून तो माणूस शेती करतो आहे, आपण शिकायला गेलो आहोत.

थेट घ्यायचं ठरलं तर काही व्यवहाराच्या गोष्टी. काढणीच्या आधी फोन करा, भातासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. चार-पाच घरं मिळून मागणी द्या, म्हणजे गाडीभाडं अंगावर येत नाही. अर्धी रक्कम आगाऊ द्या. शेतकऱ्याला मिलचा खर्च काढणीच्या वेळीच करावा लागतो. भाव त्यालाच ठरवू द्या. तांदूळ कमी पॉलिशचा हवा असेल तर मिलला नेण्याआधी सांगा, नंतर उपयोग नाही. नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी लागतं. सुटा भात आवडत असेल तर निम्मा तसाच सहा महिने मुरू द्या, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून.

यंदा दिवाळीनंतर मुळशीहून आमची तीन पोती आली. आजींच्या नातवाने पोत्यांवर मार्करने आमचं आडनाव लिहिलं होतं आणि त्याखाली, मी मागितलं नसताना, बारीक अक्षरात 'ओढ्याकडचं खाचर'. मी वहीतल्या शेवटच्या रकान्यात 'पाहिलं' लिहिलं आणि संध्याकाळी उघड्या पातेल्यात पेज टाकली.